सेप्सिस : निदानाची कसोटी अवयवांवर

‘अनेक अवयव निकामी झाल्याने मृत्यू’ हे शब्द निधनवार्तांत आणि रुग्णालयांच्या पत्रकांत वारंवार वाचावयास मिळतात. फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि यकृत यांना एकाच वेळी निरनिराळे आजार जडले असावेत, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात यांपैकी पुष्कळ मृत्यूंच्या मुळाशी एकच प्रक्रिया असते. सुरुवात न्यूमोनियाने होवो, मूत्रमार्गाच्या संसर्गाने होवो, आतड्याला पडलेल्या छिद्राने होवो किंवा मधुमेही माणसाच्या पायावरील चिघळलेल्या जखमेने; जंतूंशी लढताना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचाच तोल सुटतो आणि जेथे जंतू पोहोचलेलेही नाहीत असे अवयव बिघडू लागतात. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. त्या वर्षीच्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक, असे हे प्रमाण होते.

जंतूंचा सुगावा लागताच पांढऱ्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. संसर्गाच्या जागी हे संदेश उपकारक असतात. तेच साऱ्या रक्ताभिसरणात पसरले की अनर्थ ओढवतो. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपू लागतो आणि रक्तदाब उतरतो. अतिसूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या धरतात व त्यात प्लेटलेट खर्ची पडतात. फुप्फुसांतील वायुकोश द्रवाने भरल्याने प्राणवायू रक्तात नीट मिसळत नाही. मूत्रपिंडे लघवी तयार करणे कमी करतात, यकृताकडून बिलिरुबिनचा निचरा होत नाही आणि मेंदूचे काम मंदावल्याने रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. येथे एक बाब आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता, काम पूर्ण थांबलेले असूनही पेशी त्या मानाने फारशा मेलेल्या आढळत नाहीत. म्हणजे ‘निकामी’ हा शब्द पुष्कळदा बंद पडलेल्या अवयवाला लावला जातो, नष्ट झालेल्या नव्हे. वाचलेल्या अनेक रुग्णांची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागतात, ती याचमुळे.

सेप्सिस ओळखावा कसा, याविषयी वैद्यकशास्त्राचे मत गेल्या काही दशकांत बरेच बदलले. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या १९९१ च्या परिषदेने चार निकष ठरविले होते : ताप किंवा शरीर थंड पडणे, नाडीचा वेग मिनिटाला ९० हून अधिक, श्वासाचा वेग २० हून अधिक आणि पांढऱ्या पेशींची संख्या प्रमाणाबाहेर वाढणे किंवा घटणे. संसर्गाबरोबर यांपैकी दोन निकष जुळले की तो सेप्सिस. साध्या फ्लूचा रुग्णही या व्याख्येत सहज बसे, ही तिची एक उणीव. दुसरी अधिक गंभीर होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या, संसर्ग आणि अवयवांचा बिघाड असलेल्या एक लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांतील सुमारे आठांपैकी एक रुग्ण या व्याख्येतून निसटत असल्याचे आढळले. ज्यांचे अवयव बिघडले आहेत अशाच रुग्णांना वगळणारी व्याख्या काय कामाची?

म्हणून २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने कसोटी थेट अवयवांवर नेली. संसर्गाला शरीराने दिलेल्या विस्कळीत प्रतिसादामुळे अवयवांच्या कार्यात निर्माण झालेला जीवघेणा बिघाड म्हणजे सेप्सिस, ही आजची मान्य व्याख्या आहे. बिघाड मोजण्यासाठी ‘सोफा’ हा गुणांक वापरतात. बेल्जियमचे डॉ. जाँ-लुई व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९६ मध्ये मांडला. श्वसन, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड या सहा संस्थांना प्रत्येकी शून्य ते चार गुण दिले जातात. येथे अधिक गुण म्हणजे अधिक बिघाड. मूळ पद्धतीनुसार प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्यास किंवा क्रिएटिनिन दोनवर पोहोचल्यास दोन गुण होतात. संसर्गामुळे एकूण गुणांक दोनने वाढला, तर रुग्णालयात मृत्यू येण्याचा धोका सुमारे दहा टक्के असतो. लहान मुलांसाठी २०२४ मध्ये ‘फीनिक्स’ या नावाने वेगळे निकष ठरविण्यात आले.

यातील ‘वाढला’ हा शब्द महत्त्वाचा. ज्याचे क्रिएटिनिन मधुमेहामुळे आधीपासूनच दोन आहे, त्याच्या बाबतीत आजचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा अहवाल जवळ असेल तरच डॉक्टरांना तुलना करता येते. घरातील ज्येष्ठांच्या जुन्या तपासण्यांची फाइल जपून ठेवण्याचा खरा उपयोग हा. शिवाय क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. मूत्रपिंडांचे काम घटल्यानंतर रक्तातील पातळी चढण्यास बरेच तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. लघवीचे घटलेले प्रमाण त्याआधीच सूचना देऊन गेलेले असते.

निदान असे नेमके होत गेले, पण औषधांचा इतिहास मात्र अपेक्षाभंगाचा आहे. ‘अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी’ या औषधाची १,६९० रुग्णांवरील चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मृत्यूचे प्रमाण ३०.८ वरून २४.७ टक्क्यांवर आल्याचे तीत दिसले आणि त्याच वर्षी अमेरिकेत या महागड्या औषधाला परवानगी मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही आणि २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेण्यात आले. ‘क’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा शिरेतून देण्याविषयी २०१७ मध्ये बराच गाजावाजा झाला. अतिदक्षता विभागांतील ८७२ रुग्णांवरील २०२२ च्या चाचणीत मृत्यू किंवा दीर्घकाळ अवयव-बिघाड यांचे एकत्रित प्रमाण जीवनसत्त्व घेणाऱ्यांत उलट अधिक निघाले.

अमेरिकेतील डेट्रॉइट येथील डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांच्या प्रयोगाची कथा अधिक बोधप्रद आहे. तातडीच्या विभागात पहिल्या सहा तासांतच काटेकोर मोजमापांनुसार सलाइन, रक्त व औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर येते, असे त्यांनी २००१ मध्ये २६३ रुग्णांच्या चाचणीतून दाखविले. पुढे २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील तीन मोठ्या चाचण्यांत या पद्धतीचा नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ दिसला नाही. यावरून रिव्हर्स चुकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मधल्या काळात ‘नेहमीचे उपचार’च पालटले होते, सेप्सिस लवकर ओळखणे आणि प्रतिजैविके तातडीने देणे हा अनेक रुग्णालयांचा प्रघात झाला होता. कॅनडा व अमेरिकेतील २,७३१ रुग्णांच्या नोंदींवरून २००६ मध्ये असे आढळले होते की, रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक देण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे जगण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. मात्र तापाच्या प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविक टोचणे हाही उपाय नव्हे; त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू फोफावतात. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी भेद केला. रक्तदाब कोसळलेला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासात प्रतिजैविक द्यावे. शंका असेल पण रक्तदाब ठीक असेल तर त्वरेने तपासण्या कराव्यात आणि शंका टिकल्यास तीन तासांच्या आत औषध द्यावे.

एका ठिकाणी हितकर ठरलेला उपचार दुसरीकडे घातक ठरू शकतो, हा धडा आफ्रिकेतून मिळाला. युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील ३,१४१ गंभीर आजारी मुलांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. वेगाने सलाइन दिलेल्या मुलांत ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे साडेदहा टक्के, तर न दिलेल्यांत ७.३ टक्के होते. झांबियातील प्रौढ रुग्णांच्या २०१७ मधील चाचणीतही भरपूर सलाइन देणाऱ्या पद्धतीत मृत्यू अधिक झाले. व्हेंटिलेटरची सोय अपुरी असेल तेथे फुप्फुसांत साचणारे पाणी सावरणार कोण? व्हेंटिलेटरविषयीही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील २००० च्या चाचणीत प्रत्येक श्वासाबरोबर कमी हवा भरल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले.

भारतात सेप्सिससारखे चित्र निर्माण करणारे आजार निराळेही असतात. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात हेच रूप घेतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोचा अनुभव घेतलाच आहे. झाडाझुडपांतील सूक्ष्म किडीच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस विदर्भात २०१८ मध्ये डोके वर काढून गेला. चाव्याच्या जागी काळी खपली धरते. ती काखेत किंवा जांघेत असल्यास सहज नजरेतून सुटते. किमान एका अवयवात बिघाड झालेल्या अशा ७९४ रुग्णांवर भारतातील सात रुग्णालयांत चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जुनी, स्वस्त औषधे शिरेतून एकत्र दिल्यास मृत्यू, गुंतागुंत वा न उतरणारा ताप यांचे एकत्रित प्रमाण ३३ टक्के होते. एकेकट्या औषधाने ते ४७-४८ टक्के राहिले. केवळ मृत्यूंच्या संख्येत मात्र फरक पडला नाही.

घरच्या माणसांना यातील कोणताही गुणांक मोजता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. तापाच्या किंवा जखम चिघळलेल्या रुग्णाचा श्वास जलद होणे, दिवसभरात लघवी जवळपास न होणे, बोलण्यात गोंधळ किंवा सतत गुंगी, हातपाय थंड व चिकट पडणे ही अवयव बिघडू लागल्याची दृश्य चिन्हे आहेत. वृद्धांत ताप न येता केवळ गोंधळलेपणानेही सुरुवात होऊ शकते. यांपैकी काही दिसल्यास सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हांवर किती भिस्त ठेवता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील आरोग्यसेविकांना नवजात बालकांतील सेप्सिस ओळखण्याचे शिक्षण दिले. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे थांबणे, अंग गार पडणे, छाती आत ओढली जाणे, अशा लक्षणांवरून त्या निदान करीत आणि पालकांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने घ्यावयाचे प्रतिजैविक देत. या प्रयोगाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि त्यासाठीच्या गृहभेटींचे काम ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आले.