मेंदूतली ‘कोलॉइड सिस्ट’: गाठ साधी, पण जागा धोक्याची

डोक्यात गाठ म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण मेंदूतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. कोलॉइड सिस्ट ही अशीच एक दुर्मिळ, साधी गाठ. घट्ट, चिकट द्रवाने भरलेली ही पिशवी हळूहळू वाढते, इतर अवयवांत पसरत नाही.

मग धोका कशाचा?

मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं. ते मेंदूतल्या पोकळ्यांमधून वाहत जाऊन शेवटी रक्तात मिसळतं. ही गाठ नेमकी त्या वाटेच्या तोंडाशी असते. चारीत दगड अडकला की मागे पाणी तुंबतं, तसंच डोक्यात होतं. दाब एकदम वाढला तर रुग्ण बेशुद्ध पडतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो.

लक्षणे

• अधूनमधून उठणारी जोराची डोकेदुखी. काहींची वाकल्यावर वाढते
• मळमळ, उलट्या, अंधूक किंवा दोन-दोन दिसणं
• शुद्ध असतानाही अचानक पाय गळून पडणं
• विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं

त्रास बहुतेकदा 20 ते 50 या वयात दिसतो. पित्त किंवा अर्धशिशी समजून तो अंगावर काढला जातो. डोकं दुखणाऱ्या बहुतेकांना ही गाठ नसते. पण वरची लक्षणं सोबत असतील तर तपासणी टाळू नये.

निदान

सीटी स्कॅनमध्ये गाठ बहुधा गोल, पांढरट ठिपक्यासारखी दिसते. एमआरआयमध्ये तिची नेमकी जागा कळते. दाब वाढलेला असताना पाठीतून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून स्कॅन आधी.

उपचार

गाठ 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि त्रास नसेल, तर डॉक्टर सहसा ठराविक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवतात. गोळ्यांनी ती विरघळत नाही. त्रास असेल तर ऑपरेशन. कवटीला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने आतला द्रव ओढून घेतात आणि आवरण काढतात. काही वेळा कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली शस्त्रक्रिया करावी लागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्मरणशक्तीवर परिणाम हे धोके डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावेत. आवरण उरलं तर गाठ पुन्हा होऊ शकते, त्यामुळे नंतरची तपासणी चुकवू नये.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. डोकेदुखीसोबत उलट्या आणि गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.