कॅल्बी : हिरोशिमाच्या कोळंबीपासून अमेरिकेच्या वाटाण्यापर्यंत

अमेरिकन किराणा दुकानात भाजीच्या विभागात, सॅलडच्या पिशव्यांच्या आसपास, हिरव्या शेंगेच्या आकाराच्या कुरकुरीत खाऊची पिशवी तुम्ही नक्की पाहिली असेल. नाव 'हार्वेस्ट स्नॅप्स'. वाटाण्याची आणि मसुराची असल्यामुळे मुलांच्या डब्यात ती बिनधास्त जाते, आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही ती परकी वाटत नाही. पण हा खाऊ मूळचा एका जपानी कंपनीचा आहे हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या कंपनीची, म्हणजे कॅल्बीची, ही थोडक्यात माहिती.

कंपनीचा जन्म हिरोशिमाचा. अणुबॉम्ब पडल्याला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा १९४९ साली ताकाशी मात्सुओ यांनी तिथे 'मात्सुओ अन्नप्रक्रिया' या अर्थाच्या नावाने कारखाना काढला. अन्नधान्याची टंचाई होती आणि लोकांच्या आहारात सत्त्व नव्हते. जे वाया जाते त्यातून पौष्टिक आणि परवडणारे काहीतरी करावे, हा मात्सुओंचा ध्यास. १९५५ साली कंपनीचे नाव बदलले तेही याच विचाराने : 'कॅल्शियम'मधले 'कॅल' आणि 'बी-१' जीवनसत्त्वातला 'बी'. हे बी-१ का, तर सडीक पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना त्याच्या अभावी बेरीबेरी होतो. भातखाऊ कोकणात वाढलेल्यांना हातसडीच्या तांदळाचे गुणगान आठवत असेल, तर मुद्दा लगेच पटेल.

जपानचा पारंपरिक कुरकुरीत खाऊ, 'आराऱे' आणि 'सेन्बेई', तांदळाचा असतो. पण तांदूळ महाग आणि दुर्मिळ, तर अमेरिकेहून येणारा गहू मुबलक. मात्सुओंनी गव्हाच्या पिठाचा आराऱे करून पाहिला आणि त्याला 'काप्पा' या जपानी लोककथांतल्या जलचराचे नाव दिले. त्या वेळी काप्पाची व्यंगचित्रे जपानमध्ये फार लोकप्रिय होती. पुढे या पिठात जवळच्या सेतो समुद्रातली लहान कोळंबी मिसळायची कल्पना निघाली. ही कोळंबी इतकी बारीक की तिला फारसा भाव नसे. डोक्या-शेपटीसकट वाटून ती पिठात घालायची, म्हणजे कॅल्शियमही मिळते. आपल्याकडे सुकट किंवा जवळा खाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको! १९६४ साली, टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, 'काप्पा एबिसेन' बाजारात आले. 'एबि' म्हणजे कोळंबी. या कांड्या तेलात तळत नाहीत, भाजून फुलवतात. आजही हा माल कंपनीची ओळख आहे.

आता अमेरिकेचा संबंध. १९६७ साली मात्सुओ न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय मिठाई प्रदर्शनात एबिसेन घेऊन आले. आले होते आपला माल दाखवायला, पण नजर गेली दुकानांत रचलेल्या बटाट्याच्या चिप्सवर. जपानला परतल्यावर बटाट्याचा अभ्यास सुरू झाला. १९७२ साली 'सापोरो पोटॅटो' आले, १९७५ साली खऱ्या अर्थाने बटाट्याच्या चिप्स. जपानमध्ये इतर कंपन्यांच्या चिप्स आधीपासून होत्या, त्यामुळे कॅल्बीला जागा करून घ्यावी लागली. शंभर येन ही ठेवलेली किंमत आणि दूरदर्शनवरची जाहिरात कामी आली. पण माझ्या मते खरी मेहनत शेतात झाली. चिप्सचा बटाटा वेगळा लागतो : साखर जास्त असेल तर चिप्स तळताना काळ्या पडतात. म्हणून १९८० साली बटाट्यासाठी वेगळी कंपनी काढून होक्काइदो बेटावरच्या शेतकऱ्यांशी करार केले गेले. वाण कोणते, साठवण किती थंडीत, सगळे तिथपर्यंत. याची दुसरी बाजू २०१७ साली दिसली. आदल्या वर्षी होक्काइदोला वादळांनी झोडपले, बटाटा कमी आला, आणि कॅल्बीला 'पिझ्झा पोटॅटो'सह काही चिप्सची विक्री थांबवावी लागली. लोकांनी उरलेल्या पिशव्यांसाठी अक्षरशः धाव घेतली.

मधल्या काळात १९९१ साली फळे घातलेला ग्रॅनोला आणि १९९५ साली 'जागारिको' नावाच्या बटाट्याच्या कडक कांड्या आल्या. 'जागाइमो' म्हणजे बटाटा, आणि 'रिकाको' ही ते बनवणाऱ्याची मैत्रीण, जी त्या फार आवडीने खात असे. दोन्ही मिळून जागारिको!

भांडवलाची बाजू थोडक्यात. २००९ साली पेप्सिको कंपनीने कॅल्बीत वीस टक्के भाग घेतला आणि तिचा जपानमधला चिप्सचा धंदा कॅल्बीकडे आला. २०२० साली हा भाग कॅल्बीने परत विकत घेतला. कंपनी टोकियो शेअरबाजारात आली तो दिवस ११ मार्च २०११. त्याच दुपारी, बाजार बंद होण्याच्या काही मिनिटे आधी, पूर्व जपानचा महाभूकंप झाला.

अमेरिकेतली शाखा मात्र खूप जुनी, १९७० सालची. आज तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियात फेअरफील्डला आहे. (जेली बेलीच्या कारखान्यासाठी मुलांना घेऊन गेला असाल, तेच गाव.) बरीच वर्षे कॅल्बीचा माल इथे आशियाई दुकानांतच दिसे, जशी आपली बाकरवडी आणि चिवडा अजूनही बहुतेक भारतीय दुकानाच्या फळीवरच असतात. कोंडी फोडली ती वाटाण्याने. जपानमध्ये १९८०च्या दशकापासून शेंगेच्या आकाराचा वाटाण्याचा खाऊ होता. तोच इथे आधी 'स्नॅपी क्रिस्प्स' आणि पुढे 'हार्वेस्ट स्नॅप्स' या नावाने आला. हुशारी अशी की तो चिप्सच्या रांगेत न ठेवता भाज्यांच्या विभागात ठेवला. तिथे येणारी आई पालक घेता घेता ही पिशवीही उचलते. पाकिटावर जपानी अक्षर नाही, पुढे मोठे चित्र वाटाण्याचे. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या मडेरा गावची वॉर्नॉक ही खाऊ बनवणारी कंपनीही कॅल्बीने घेतली.

आपल्या शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. आशियाई दुकानात कॅल्बीच्या पिशव्या एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात. काप्पा एबिसेन इथे 'श्रिंप चिप्स' म्हणून मिळते आणि दिसायला साध्या फ्रेंच फ्राइजसारखे असते, पण त्यात कोळंबी आहेच. बटाट्याच्या चिप्समध्ये 'कॉन्सोमे' हा स्वाद लिहिलेला असेल तर तो मांसाच्या सूपचा. वाटाणा-मसुराच्या पिशव्यांतही स्वादागणिक घटक बदलतात. काहींत चीज किंवा दुधाचे पदार्थ असतात, तेव्हा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी मागची बारीक अक्षरे वाचूनच पिशवी गाडीत टाकावी.