कल्ले

परभणी जिल्ह्यांतील पोखर्णी येथील नृसिंहाचें देवस्थान मराठवाड्यांत सर्वश्रुत आहे. नृसिंहाची मूर्ति घडवितांना शिल्पकार सिंहाची आयाळ मोठ्या हौसेनें कोरतो. चेहऱ्याभोंवतींच्या केसांत शौर्य पाहण्याची ही आवड माणसानें स्वतःच्या गालांवरही पुरवून घेतली आहे. कानापुढून गालावर उतरणाऱ्या केसांना मराठींत कल्ले म्हणतात. तेच मिशांना जाऊन भिडले कीं गलमिशा झाल्या.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर कल्ल्यांचा सर्वांत मोलाचा पुरावा शिवछत्रपतींच्या चित्रांत सांपडतो. एके काळीं इब्राहिमखान नांवाच्या कोणा सरदाराचें चित्र महाराजांचें म्हणून सर्रास छापलें जाई. भक्तिभावानें हार घालावा आणि तो भलत्याच गळ्यांत पडावा, असा तो प्रकार होता. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ सालीं एका डच ग्रंथांतील अस्सल चित्र उजेडांत आणलें. गोवळकोंड्याकडील चित्रकारांच्या हातचीं अशीं चित्रें सतराव्या शतकाच्या अखेरीस डच लोकांनीं युरोपांत नेलीं. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्यें त्यांपैकीं एक आहे. चित्र एकचश्मी, म्हणून कल्लाही एकच दिसतो. पण तेवढा पुरेसा आहे. कानाजवळून उतरलेला केसांचा पट्टा जबड्याच्या कडेनें येऊन टोकदार दाढीस मिळतो. बांकदार नाकाइतकीच ती रेषा आतां महाराजांच्या मुद्रेची खूण झाली असून, त्यांची भूमिका करणाऱ्या नटास ती आधीं साधावी लागते.

इंग्रजींतील ‘साइडबर्न्स’ हा शब्द मात्र एका पराभूत सेनापतीनें दिला. अँब्रोज बर्नसाइड (१८२४–१८८१) हा अमेरिकेच्या यादवी युद्धांत उत्तरेच्या बाजूनें लढला. डिसेंबर १८६२ मध्यें फ्रेडरिक्सबर्ग येथें त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली. हनुवटी तुळतुळीत आणि कल्ले थेट मिशांत मिळालेले, असा त्याचा थाट. लोकांनीं लढाई विसरून कल्ले ध्यानांत ठेविले, आणि पुढें त्याच्या नांवाचे दोन तुकडे उलटे जोडून शब्द केला!

पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा गालाशीं घट्ट बसणें अवश्य झालें, तेव्हां असल्या गलमिशा मागें पडल्या. १९०४ सालीं पेटंट मिळालेल्या जिलेटच्या वस्तऱ्यामुळें दाढी घरच्या घरीं होऊं लागली. तरीही कल्ले पुरते गेले नाहींत. ‘दीवार’ (१९७५) मधील अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नायकांमुळें ते पुन्हां कानाच्या पाळीखालीं उतरले.

दाढी घरीं झाली तरी कल्ल्यांसाठीं न्हावीच लागतो. बारा बलुतेदारांपैकीं हा एक. त्याच्या धोकटींतील वस्तऱ्याची खरी परीक्षा येथेंच. माणसाचे दोन्ही कान क्वचितच एका उंचीवर असतात, त्यामुळें कानावरून माप घेणारा फसतो. जाणता कारागीर गिऱ्हाइकाच्या समोर उभा राहून दोन्ही गालांवर एकेक बोट टेकतो आणि नजरेनें रेषा जुळवितो. नवशिका एक बाजू कापतो, मग दुसरी, मग पुन्हां पहिली. दोन मांजरांच्या भांडणांत माकडानें लोण्याचा निकाल लावावा, तसे अखेर दोन्ही कल्ले नाहींसे होतात.