जामखेडची शाळा आणि आपले ज्येष्ठ

आरोग्यसेवा म्हणजे डॉक्टर, परिचारिका आणि इस्पितळ, अशी आपणा शहरवासीयांची दृढ समजूत असते. महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्याने ती पन्नास वर्षांपूर्वीच मोडीत काढली. मुले परदेशी आणि आईवडील सदनिकेत एकटे, हे चित्र बंगळूरच्या मराठी घरांतही दिसू लागल्यामुळे तो इतिहास येथे सांगणे अगत्याचे वाटते.

डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल हे दोघेही आपल्या शेजारच्या वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे कार्यास आरंभ केला. दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्यात! प्रथम त्यांनी प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठविल्या. परंतु गाव त्यांना आपले मानीना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक प्रौढ स्त्री निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, निरनिराळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवीत, आणि शिकलेले गावात करून पाहून पुन्हा शंका घेऊन परत येत. हे शिक्षण कधी संपलेच नाही, आणि माझ्या मते यशाचे मर्म तेथेच आहे. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याउलट, २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने देशभर आरोग्य स्वयंसेवकांची योजना सुरू केली : हजार वस्तीस एक, ३ महिन्यांचे शिक्षण, मासिक मानधन ५० रुपये. हेतू उत्तम होता. पण शिक्षण एकदाच, आणि निवडलेले बहुतांशी पुरुष. घरातल्या आजारी सासूची चौकशी त्यांनी कशी करावी? पुढे योजनेचे नाव मात्र बदलले. (परिपत्रकांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटत नाही.)

जामखेडच्या परिसरात बालमृत्यू घटले, माणसे अधिक जगू लागली, तशी या आरोग्य कार्यकर्त्यांची कामेही पालटली. ज्या हातांनी बाळंतपणे केली, ते रक्तदाब मोजू लागले, मधुमेह्यांची विचारपूस करू लागले. वृद्धांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आला तो २०१०-११ साली. पण गोळी वेळेवर घेतली की नाही, कालपासून आजोबा जेवले का, हे विचारावयास शेजारचेच, आणि शक्य तर आपल्या भाषेत बोलणारे, माणूस लागते. आपल्या मंडळात निवृत्त, सुशिक्षित माणसांची वाण नाही. त्यांना निरंतर शिकविणारा एखादा डॉक्टर तेवढा हवा.

जामखेडला प्रथम शिकलेल्या स्त्रिया पुढे स्वतःही वृद्ध झाल्या. नव्या येणाऱ्यांना, आणि देशोदेशींच्या पदवीधरांनाही, शिकविण्याचे काम मग त्याच करू लागल्या.