‘वॉर हॉर्स’: पुस्तकात बोलणारा घोडा रंगमंचावर गप्प का झाला?

पहिल्या महायुद्धाची गोष्ट एखाद्या घोड्याने सांगितली तर? ब्रिटिश लेखक मायकल मॉर्पर्गो यांची ‘वॉर हॉर्स’ ही १९८२ साली आलेली मुलांसाठीची कादंबरी नेमकी तशीच आहे. जोई नावाचा घोडा ‘मी’ म्हणून स्वतःची कहाणी सांगतो. पण २००७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने तिच्यावर नाटक केलं, तेव्हा जोईच्या तोंडी एकही वाक्य नव्हतं. तरीही नाटक प्रचंड गाजलं. हे कसं जमलं?

मूळ गोष्ट काय आहे?

इंग्लंडच्या डेव्हन भागातला शेतकऱ्याचा मुलगा अल्बर्ट जोईला जीव लावतो. युद्ध सुरू होतं आणि पैशांची गरज असलेले वडील घोडा लष्कराला विकून टाकतात. फ्रान्समध्ये जोई आधी ब्रिटिश घोडदळात असतो, मग जर्मनांच्या हाती लागतो. जखमींची गाडी ओढतो, तोफा ओढतो. घोड्याला देश नसतो आणि शत्रूही नसतो. त्याला दोन्हीकडची माणसं सारखीच थकलेली आणि घाबरलेली दिसतात. कादंबरीला युद्धाबद्दल जे म्हणायचं आहे, ते याच नजरेतून येतं.

घोडाच निवेदक का, याचं कारण मॉर्पर्गो यांनी अनेकदा सांगितलं आहे. ते आणि त्यांच्या पत्नी क्लेअर यांनी शहरातल्या मुलांना शेतावर राहता यावं म्हणून डेव्हनमध्ये एक संस्था सुरू केली. तिथे आलेला, बोलताना अडखळणारा एक मुलगा कुणाशीच बोलत नव्हता. एका रात्री तो तबेल्यात घोड्याशी मात्र भरभरून बोलताना दिसला, आणि घोडा शांतपणे ऐकत होता.

मग नाटकात आवाज का काढून टाकला?

वाचताना घोड्याचं निवेदन आपण सहज मान्य करतो. पण समोर खंदक, काटेरी तारा आणि मरणारे सैनिक असताना घोडा माणसासारखा बोलू लागला, तर सगळं परीकथेसारखं वाटण्याचा धोका असतो. नाट्यरूपांतर करणारे निक स्टॅफर्ड आणि दिग्दर्शक मेरिअन इलियट व टॉम मॉरिस यांनी जोईला निव्वळ घोडाच ठेवलं.

याची किंमत होतीच. निवेदक गेला की गोष्ट पुढे नेणार कोण? म्हणून नाटकात अल्बर्टचा भाग वाढला. वय भरलेलं नसतानाही तो जोईच्या शोधासाठी सैन्यात शिरतो. कादंबरीत युद्धाच्या मोठ्या भागात आपण जोईबरोबर असतो आणि अल्बर्ट दिसत नाही. नाटकात आपण दोघांच्याही मागे फिरतो.

घोडा जिवंत कसा वाटतो?

हे काम दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीचं. एड्रियन कोहलर आणि बेझिल जोन्स यांच्या या कंपनीने वेत आणि अॅल्युमिनियमचा सांगाडा करून त्यावर पातळ, जाळीदार कापड लावलं. घोडा इतका भक्कम की वर माणूस बसू शकतो.

त्याला तीन कलाकार चालवतात. एक बाहेर उभा राहून डोकं आणि कान हलवतो. दोघे सांगाड्याच्या आत असतात. एकाकडे पुढचे पाय आणि श्वास, दुसऱ्याकडे मागचे पाय आणि शेपटी. श्वास सगळ्यात महत्त्वाचा. आतला कलाकार गुडघ्यातून किंचित खाली-वर होतो आणि घोड्याची छाती फुलल्यासारखी दिसते. खिंकाळणं आणि फुरफुरणं तिघं मिळून करतात, कारण घोड्याच्या छातीइतका दम एका माणसाकडे नसतो.

हे कलाकार प्रेक्षकांना स्पष्ट दिसतात. पण कान आवाजाच्या दिशेने वळला की काही मिनिटांतच आपण फक्त घोडा पाहू लागतो. जोईचा सोबती टॉपथॉर्न मरतो, तेव्हा त्याला चालवणारे कलाकार सांगाड्यातून बाहेर पडून निघून जातात. मागे उरतं ते निश्चल शरीर. मृत्यू दाखवायला एकाही शब्दाची गरज पडत नाही.

रेडिओ, सिनेमा आणि थेट प्रक्षेपण

२००८ मध्ये ही कथा बीबीसी रेडिओ २ वर आली. रेडिओची अडचण बरोबर उलटी असते. तिथे घोडा दिसतच नाही, त्यामुळे जे काही आहे ते आवाजातूनच उभं करावं लागतं. २०११ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी खरे घोडे घेऊन सिनेमा केला. त्यातही जोई बोलत नाही. त्याच वर्षी ब्रॉडवेवरच्या नाटकाला सर्वोत्कृष्ट नाटकासह पाच टोनी पुरस्कार मिळाले आणि हँडस्प्रिंगचा विशेष टोनीने गौरव झाला.

२७ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’ने लंडनमधला प्रयोग चित्रपटगृहांमध्ये थेट दाखवला. इथे कसोटी वेगळी होती. नाट्यगृहात लांबून न दिसणारे वेताचे जोड आणि कलाकारांचे चेहरे कॅमेरा जवळून दाखवतो. तरी घोडा घोडाच वाटायला हवा.

माध्यम बदललं की पुस्तकातलं सगळंच सोबत नेता येत नाही. ‘वॉर हॉर्स’च्या नाटकाने घोड्याचे शब्द सोडले, पण तबेल्यातल्या त्या मुलाला जे मिळालं होतं ते सोडलं नाही: काही न बोलता ऐकणारा एक घोडा.