न जुळणाऱ्या प्लॅस्टिकांचा मध्यस्थ

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत येणारी खताची गोणी बहुधा दोन प्लॅस्टिकांची असते: बाहेरचे विणकाम पॉलिप्रॉपिलीनचे, आतली पिशवी पॉलिएथिलीनची. दोन्ही एकत्र वितळवली तरी तेलपाण्यासारखी वेगळीच राहतात. एकाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात आणि गार झालेला तुकडा थेंबांच्या कडेलाच तुटतो. या कडेला आंतरपृष्ठ म्हणतात. ते सुधारून मिश्रण चिवट करण्याचे तंत्र सुमारे शंभर वर्षांत घडले.

त्याचा आरंभीचा नमुना नकळतच तयार झाला. स्टायरिनमध्ये रबर विरघळवून मग त्याचे पॉलिस्टायरिन करण्याचे पेटंट ओस्ट्रोमिस्लेन्स्की यांना 1927 मध्ये मिळाले. या क्रियेत पॉलिस्टायरिनच्या काही साखळ्या रबरावर कलमासारख्या चढतात आणि रबराचे कण धरून ठेवतात. ठिसूळ पॉलिस्टायरिन अशाने चिवट होते.

थेंबाच्या आकाराचे गणित जी. आय. टेलर यांनी 1930 च्या दशकात मांडले. घुसळण थेंबाला ताणते, तर आंतरपृष्ठावरचा ताण त्याला गोल ठेवतो. हा ताण कमी झाला की थेंब बारीक होतात. पुढच्या दशकात फ्लोरी व हगिन्स यांच्या सिद्धांताने दाखवले की लांब साखळ्यांना मिसळून एन्ट्रॉपीचा, म्हणजे विस्कळीतपणाचा, लाभ फारच थोडा होतो. म्हणून बहुतेक जोड्या जुळत नाहीत.

1956 मध्ये श्वार्ट्स यांच्या ‘जिवंत’ बहुवारिकीकरणाने, म्हणजे टोक न मरता साखळी वाढत राहण्याच्या क्रियेने, दोन वेगळ्या तुकड्यांची जोडसाखळी हवी तशी बनवता येऊ लागली. अशी साखळी साबणासारखी दोन्हीकडे हात देऊन मध्यस्थ बनते, हे मोलाऊ यांनी 1965 मध्ये दाखवले. ड्युपॉन्टच्या एपस्टाइन यांच्या 1979 च्या पेटंटातील अतिचिवट नायलॉनमध्ये मध्यस्थ मिसळण्याच्या यंत्रातच तयार होतो: रबरावर बसवलेले क्रियाशील गट नायलॉनच्या टोकांशी जोडले जातात. थेंब बारीक राहण्यामागे आणखी एक कारण आहे, हे सुंदरराज व मॅकोस्को यांनी 1995 मध्ये मांडले: मध्यस्थ थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही.

गोणीतील जोडी सर्वांत हट्टी, कारण दोघांतही अभिक्रियेला गटच नाहीत. 2017 मध्ये कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन्हींचे आळीपाळीने चार तुकडे जोडलेली साखळी बनवली. तिची टक्काभर भर घातल्यावर ठिसूळ मिश्रण चिवट झाले. एरवी ती वेगळी करणेही अवघड: ही दोन्ही प्लॅस्टिके पाण्यावर तरंगतात, त्यामुळे साध्या पाण्याच्या टाकीत ती वेगळी होत नाहीत. मध्यस्थ नसेल, तर आतली पिशवी आधी ओढून काढावी लागते.