सामायिक होस्टिंगवरील सर्व्हर त्रुटी : शोध आणि निवारण

इंदूरच्या विजय नगरात काय किंवा पणजी-मडगावात काय, लहान सॉफ्टवेअर व्यावसायिक दुकाने, शिकवणी वर्ग आणि सांस्कृतिक संस्थांची संकेतस्थळे बहुधा सामायिक होस्टिंगवर ठेवतात. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे नांदत असल्याने भाडे कमी पडते. मात्र सर्व्हरच्या मूळ रचनेत बदल करण्याची मुभा नसते. स्वतःच्या संगणकावर सुरळीत चालणारे अ‍ॅप्लिकेशन तेथे चढवताच ‘५००’ क्रमांकाची त्रुटी दिसते, तेव्हा कारण बहुधा या दोन ठिकाणांच्या रचनेतील फरकात असते.

पाचने सुरू होणारे क्रमांक सर्व्हरकडील अडचण दर्शवतात. ‘५००’ हा सर्वसाधारण दोष होय. ‘५०२’ म्हणजे मध्यस्थ सर्व्हरला मागील सर्व्हरकडून अयोग्य उत्तर मिळाले. ‘५०३’ म्हणजे सेवा तात्पुरती बंद. ‘५०४’ म्हणजे उत्तर वेळेत आले नाही. ‘५००’ हा क्रमांक नेमके कारण सांगत नाही, म्हणून प्रथम सी-पॅनेलमधील एरर लॉग वाचावा. लॉगमधील वेळ जागतिक प्रमाणवेळ असू शकते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते.

त्यानंतर पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधील एक चुकीची ओळही संपूर्ण संकेतस्थळ बंद पाडते. संशयास्पद ओळी एकेक करून निष्क्रिय कराव्यात. फोल्डरची परवानगी साधारणतः ७५५ आणि फाइलची ६४४ असावी. घाईने ७७७ देणे धोक्याचे आहे, शिवाय कित्येक सर्व्हर त्यामुळेच ‘५००’ दाखवतात. पीएचपीची आवृत्ती अ‍ॅप्लिकेशनला साजेशी आहे का आणि कंपोझरचे ‘व्हेंडर’ फोल्डर चढले आहे का, हे पाहावे. विंडोजवर मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांतील फाइलनावे सहसा एकच मानली जातात. लिनक्सवर ती वेगळी ठरतात. सी-पॅनेल डेटाबेसच्या नावापुढे सहसा खात्याचे नाव जोडते. जोडणीच्या फाइलमध्ये ते पूर्ण नाव हवे. पीएचपीची मूळ स्मृतिमर्यादा १२८ एमबी आणि वेळमर्यादा ३० सेकंद असते; मोठी यादी आयात करताना ती अपुरी पडू शकते.

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्यापूर्वी प्रत राखून ठेवावी. लॅरावेलसारख्या चौकटीतील ‘डीबग’ सुविधा चालू संकेतस्थळावर बंदच असावी. अन्यथा त्रुटीच्या पानावर अंतर्गत तपशील, प्रसंगी डेटाबेसचा पासवर्डसुद्धा, कोणाही अनोळखी व्यक्तीसमोर उघड होतो आणि ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक धोक्यात येतात. लॉग रिकामाच असल्यास होस्टिंग सेवेला अचूक वेळ, पानाचा पत्ता आणि त्रुटीचा क्रमांक कळवावा. ‘संकेतस्थळ चालत नाही’ एवढ्याच तक्रारीवरून त्यांनाही कारण शोधता येत नाही.